केसलच्या बदल्यात सेगिन? असा सौदा झालाच नव्हता

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य लीग. ती बघणाऱ्यांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: "फिल केसलसाठी टोरोंटोने टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन घालवले. एनएचएलमधला हा सगळ्यात मूर्ख सौदा." टोरोंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनमधल्या मराठी घरांत मेपल लीफ्सची, म्हणजे टोरोंटोच्या संघाची, निळी जर्सी घालून वाढलेली मुलंही हेच म्हणतात. बॉस्टनच्या प्रेक्षकांनी तर लीफ्सविरुद्धच्या सामन्यांत 'थँक यू, केसल' अशा घोषणा दिल्या. केसलसारख्या चांगल्या खेळाडूवर या वाक्याने मोठा अन्याय केला आहे, आणि खेळाडूची किंमत कशी ठरवायची याची फार वाईट सवय चाहत्यांना लावली आहे. म्हणून त्यातला आणि त्याच्या आसपासचा एकेक दावा तपासायचा आहे.

आधी काय घडलं ते. एनएचएलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. साधारण अठरा वर्षांच्या नव्या पोरांची निवड दरवर्षी, सहसा जूनमध्ये, ड्राफ्टमधून होते. सरलेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला आधी निवडायला मिळतं, अगदी वरच्या क्रमांकांसाठी लॉटरी असते. निवडीचा हा हक्क म्हणजे पिक, आणि तो आधीच दुसऱ्या क्लबला देता येतो. 18 सप्टेंबर 2009 रोजी टोरोंटोचे जनरल मॅनेजर ब्रायन बर्क यांनी बॉस्टनच्या पीटर चिअरेली यांना तीन पिक दिले: 2010 ची पहिली आणि दुसरी फेरी, आणि 2011 ची पहिली फेरी. बदल्यात केसल आला. पुढे या तीन पिकांवर बॉस्टनने सेगिन (2010, क्रमांक 2), जॅरेड नाइट (2010, क्रमांक 32) आणि हॅमिल्टन (2011, क्रमांक 9) यांना निवडलं. यातलं नाइट हे नाव त्या वाक्यात कधीच येत नाही. तो एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

"टोरोंटोने सेगिन आणि हॅमिल्टन दिले."

नाही दिले. दिले ते हक्क, आणि त्या दिवशी त्यांचे क्रमांक कुणालाच माहीत नव्हते. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग मक्त्याने देतात. मालक रक्कम ठरवतो ती मोहोर, मागच्या वर्षीचं पीक आणि हवेचा अंदाज यांवर. मे महिन्यात पेट्या मोजून डिसेंबरचा व्यवहार चूक ठरवता येत नाही. चूक काढायची तर डिसेंबरात मोहोर नीट पाहिला होता का, ते विचारावं लागतं.

सप्टेंबर 2009 मधला मोहोर असा होता. आदल्या हंगामात लीफ्स 30 संघांत 24 वे आले होते आणि त्यांना सातवा पिक मिळाला होता (त्यावर नझेम काद्री आला). त्या उन्हाळ्यात बर्क यांनी माइक कोमिसारेक आणि फ्रान्स्वा बोशमँ हे दोन अनुभवी डिफेन्समन घेतले होते. संघ थोडा सुधारेल आणि पिक दहाव्या-बाराव्या क्रमांकाच्या आसपास जाईल, ही अपेक्षा वेडेपणाची नव्हती. आता त्याआधीच्या वर्षांत नवव्या, म्हणजे हॅमिल्टनच्याच, क्रमांकावर कोण मिळालं ते बघा: 2006 मध्ये जेम्स शेपर्ड, 2007 मध्ये लोगन कुट्यूर, 2008 मध्ये जॉश बेली, 2009 मध्ये जॅरेड काउअन. एक उत्तम, एक बरा, आणि दोघांची कारकीर्द अपेक्षेपेक्षा फार लवकर आटोपली. अशा पिकाचं मोल असंच मोजायचं असतं: कोण मिळू शकतं, आणि ते किती वेळा मिळतं. नंतर नशिबाने त्याला जे नाव चिकटलं, ते मोजमाप नव्हे.

दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. पिक टोरोंटोकडे राहिला असता तर त्यांनी हॅमिल्टनलाच घेतलं असतं हे कशावरून? त्याच 2011 च्या ड्राफ्टमध्ये लीफ्सनी क्रमांक 30 आणि 39 अ‍ॅनाहाइमला देऊन क्रमांक 22 घेतला आणि टायलर बिग्जला निवडलं. बिग्ज एनएचएलपर्यंत पोहोचला नाही. अ‍ॅनाहाइमने त्या दोन पिकांवर रिकार्ड राकेल आणि गोलरक्षक जॉन गिब्सन घेतले. त्या काळात टोरोंटोचे निरीक्षक, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, अशी निवड करत होते. बॉस्टनच्या निरीक्षकांचं श्रेय टोरोंटोच्या नुकसानीत जमा करणं हे साध्या हिशेबातही बसत नाही.

सेगिनचं थोडं वेगळं आहे. 2010 मध्ये टेलर हॉल पहिला की सेगिन, एवढाच वाद होता, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर दोघांपैकी एक मिळणारच होता. पण तो क्रमांक दुसरा होणं हाच तर अपघात होता. खांद्याच्या शस्त्रक्रियेतून केसल सावरत असताना लीफ्सना हंगामाच्या पहिल्या आठ सामन्यांत एकही विजय मिळाला नाही. केसल पहिल्यांदा बर्फावर उतरला तो 3 नोव्हेंबरला. हंगाम संपला तेव्हा संघ 29 वा होता.

"केसल म्हणजे मार्क सॅव्हार्डच्या पासवर जगणारा गोलवाला."

हे 2009 मध्ये खूप ऐकू यायचं. बॉस्टनमध्ये सॅव्हार्डसारखा सेंटर (मधला, पास पुरवणारा फॉरवर्ड) शेजारी असताना केसलने 2008-09 मध्ये 70 सामन्यांत 36 गोल केले होते. तेव्हा त्याचं वय होतं 21, आणि त्याआधी दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याच्यावर वृषणाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या वयात असा विंगर (कडेने चढाई करणारा फॉरवर्ड) बाजारात सहसा येत नाही. तो आला, कारण बॉस्टन सॅलरी कॅपच्या, म्हणजे पगारखर्चावरच्या लीगच्या मर्यादेच्या, कचाट्यात होतं. त्या हंगामात क्लबला पगारावर 5 कोटी 68 लाख डॉलरच खर्च करता येणार होते. टोरोंटोने त्याला 5 वर्षांसाठी 2 कोटी 70 लाखांचा करार दिला.

टोरोंटोत त्याच्या शेजारी सॅव्हार्डच्या तोडीचा कुणी नव्हता. बहुतेक काळ टायलर बोझाक होता, मेहनती, पण त्या दर्जाचा नाही. तरी केसलचे हंगामवार गोल असे: 30, 32, 37, मग लॉकआउटमुळे (मालकांच्या टाळेबंदीमुळे) तोकड्या झालेल्या 48 सामन्यांच्या हंगामात 20, पुन्हा 37, आणि शेवटच्या पडत्या वर्षी 25. एकूण 446 सामने, 181 गोल, 394 पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून). 2011-12 आणि 2013-14 या दोन्ही हंगामांत तो संपूर्ण लीगच्या पॉइंटच्या यादीत सहावा होता. 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळताना तो स्पर्धेतला सर्वोत्तम फॉरवर्ड ठरला.

आणखी एक गुण आहे. 3 नोव्हेंबर 2009 च्या त्या पहिल्या सामन्यापासून केसलने नियमित हंगामातला एकही सामना चुकवला नाही. ही मालिका पुढे 1,064 सामन्यांपर्यंत गेली आणि लीगचा विक्रम झाली. दर रात्री उपलब्ध असणारा खेळाडू कोचला आणि मॅनेजरला काय देतो, हे ज्यांनी जायबंदी तारे सांभाळले आहेत त्यांनाच कळेल. सौद्यांच्या चर्चेत हा गुण कुणी मोजत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

"त्याच्याबरोबर टोरोंटोने काहीच जिंकलं नाही."

खरं आहे, सहा वर्षांत लीफ्स एकदाच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिकांमध्ये, गेले. 2013 ची ती मालिका बॉस्टनशीच होती. सातव्या सामन्यात तिसऱ्या पिरियडमध्ये 4-1 अशी आघाडी असताना ते ओव्हरटाइममध्ये 5-4 ने हरले. टोरोंटोचा चाहता ती 13 मेची रात्र विसरू शकत नाही. पण त्या मालिकेत केसलने 7 सामन्यांत 4 गोल केले होते आणि त्या शेवटच्या सामन्यातला तिसरा गोलही त्याचाच होता. आघाडी टिकवणं हे बचावफळीचं, गोलरक्षकाचं आणि बेंचवरच्या कोचचं काम. विंगर एकटा संघ उचलत नाही. पुढे पिट्सबर्गमध्ये क्रॉसबी आणि माल्किन या ताऱ्यांच्या संघात गेल्यावर याच केसलने 2016 आणि 2017 असे लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. 2016 च्या प्लेऑफमध्ये 22 पॉइंटसह तो संघात सर्वांत पुढे होता.

"बॉस्टनला त्या पिकांमुळे 2011 चा कप मिळाला."

हे सर्वांत सहज मोडणारं. हॅमिल्टनची निवड कप जिंकून झाल्यावर, जूनच्या अखेरीस झाली. सेगिन तेव्हा 19 वर्षांचा होता. प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला खेळवलंच नाही. पॅट्रिस बर्जरॉन जायबंदी झाल्यावर तो आत आला आणि टॅम्पाविरुद्ध एका सामन्यात 2 गोल, 2 असिस्ट असा झळकला. ती रात्र त्याचीच होती. पण तो कप टिम थॉमसच्या गोलरक्षणाचा, झडेनो चाराचा, बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेचीचा होता.

"बॉस्टनला दोन तारे मिळाले, टोरोंटोच्या हाती काहीच उरलं नाही."

बॉस्टनने ते तारे ठेवले कुठे? सेगिन तीन हंगाम, 203 सामने आणि 121 पॉइंट देऊन 4 जुलै 2013 ला डॅलसला गेला. बदल्यात मुख्यतः लुई एरिक्सन आणि रायली स्मिथ आले. एरिक्सन 2016 मध्ये करार संपल्यावर निघून गेला आणि बॉस्टनला काही मिळालं नाही. हॅमिल्टनला जून 2015 मध्ये कॅलगरीला दिलं, एक पहिल्या आणि दोन दुसऱ्या फेरीच्या पिकांसाठी. त्यातल्या पंधराव्या क्रमांकावर बॉस्टनने झॅक सेनिशिन घेतला. लगेच पुढे, सोळावा मॅथ्यू बारझाल, सतरावा काइल कॉनर, अठरावा थॉमस शाबो. हे बॉस्टन, आणि चार वर्षांपूर्वी नवव्या क्रमांकावर हॅमिल्टनला ओळखणारंही बॉस्टनच. पिक किती बेभरवशाचा असतो याचा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

उलट टोरोंटोने 1 जुलै 2015 ला केसल पिट्सबर्गला दिला तेव्हा कास्पेरी कापानेन आणि पहिल्या फेरीचा पिक असं बरंच काही आलं (बिग्जही त्याच सौद्यात पिट्सबर्गला गेला). तो पिक आणि आणखी एक दुसऱ्या फेरीचा देऊन लीफ्सनी फ्रेडरिक अँडरसन घेतला, जो पाच हंगाम त्यांचा पहिला गोलरक्षक राहिला. मात्र ही साखळी ताणायची कुठवर? केसल गेल्यावर लीफ्स तळाला आले, लॉटरी लागली आणि ऑस्टन मॅथ्यूज मिळाला, म्हणून मॅथ्यूजही केसलच्या खात्यावर टाकायचा? मी टाकणार नाही. म्हणूनच सेगिनही बर्क यांच्या खात्यावर टाकत नाही.

मग टोरोंटोचं काही चुकलंच नाही का? चुकलं, आणि विरोधकांच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. नव्या मुलांचे पहिल्या तीन वर्षांचे पगार फार कमी असतात, आणि कॅपच्या जगात ही स्वस्ताई म्हणजेच मोठी संपत्ती. संघ उभारणीला सुरुवात होत असताना असे दोन पिक देणं धोक्याचंच. तरी माझ्या मते मुख्य चूक किमतीत नव्हती, अटीत होती. तळाकडच्या संघाने लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक कुठलंही संरक्षण न ठेवता दिले. आपला संघ सुधारेल या अंदाजावर पूर्ण भरवसा टाकला, आणि अंदाज चुकला तर काय, याची तरतूद ठेवली नाही. हा दोष सेगिनचं नाव कळायच्या आधी, 18 सप्टेंबरलाच दिसत होता.

ओटावाने मॅट डुशेनसाठी नोव्हेंबर 2017 मध्ये कॉलोराडोला पहिल्या फेरीचा पिक दिला तेव्हा अट घातली होती: 2018 चा पिक पहिल्या दहांत आला तर तो ठेवून 2019 चा द्यायची मुभा. पिक चौथा आला. त्यांनी तो ठेवला आणि ब्रेडी टकाचुकला घेतलं. पुढच्या वर्षी ओटावा तळालाच गेलं आणि कॉलोराडोला चौथ्या क्रमांकावर बोवन बायरम मिळाला, म्हणजे अटीनेही सगळं वाचत नाही. पण निर्णय कधी घ्यायचा हे ओटावाच्या हातात राहिलं. अशी एक अट 2009 च्या करारात असती, तर दुसरा क्रमांक टोरोंटोकडेच राहिला असता आणि बॉस्टनला त्याऐवजी नंतरच्या एखाद्या वर्षाचा पिक गेला असता. चिअरेली यांनी ती अट मान्य केली असती का, आणि त्यासाठी बर्क यांनी आणखी काय मोजायला हवं होतं, यावर कुणी वाद घालायला तयार असेल तर माझी तयारी आहे.