लोदमधला नाताळ आणि शाळेच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. इस्रायलकडून शिका, तिथे ख्रिसमसची सुट्टी नाही, झाड नाही, सांता नाही, आणि आपण मात्र पोरांना लाल टोप्या घालून शाळेत पाठवतो. त्याच्या मागोमाग 25 तारखेला तुळशीपूजन करा म्हणून दुसरा फोटो. मग कुणीतरी मला टॅग करतं, सांग गं, तू तिथेच आहेस ना.

तर सांगते. मी नगरची ख्रिस्ती, इथे इस्रायलमधल्या लोद गावात केअरगिव्हर आहे, हिब्रूत मेतापेलेत म्हणतात, आणि जिची काळजी घेते ती आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी, मूळची अलिबागकडची, माझ्याशी मराठीतच बोलते, रागावली की जास्तच मराठीत.

सुट्टी नाही हे खरंय. 25 डिसेंबरला बस, बँक, शाळा सगळं चालू. पण यहुदी नसलेल्या कामगाराला आपापल्या सणाची सुट्टी मागायचा हक्क कायद्याने आहे, हे फॉरवर्डवाल्यांना कोण सांगणार. आता हक्क असला म्हणून आजीला एकटं टाकून कशी जाणार ते वेगळं, मी आधीच बोलून 24 ची संध्याकाळ घेते आणि तेल अवीवजवळच्या याफोला प्रार्थनेला जाते, तिथे मल्याळी, फिलिपिनो, गोव्याचे, सगळे आमच्यासारखेच पाहुणे कामगार भेटतात.

आणि झाड नाही म्हणे! पहिल्या वर्षी शेजारच्या बिल्डिंगच्या खिडकीत झगमग झाड दिसलं, मला वाटलं आपलं माणूस, जिन्यात भेटल्यावर मोठ्या आनंदाने मेरी ख्रिसमस म्हटलं तर बाई हसली, म्हणाली आम्ही यहुदी, हे नोवी गोद, म्हणजे रशियन नवीन वर्ष. 1990 च्या आसपास सोव्हिएतमधून लाखो लोक आले ते हे झाडही घेऊन आले, आणि त्यावरून इथेही भांडणं होतात बरं का, कट्टर लोकांना ते अजिबात चालत नाही. तिकडे हैफा शहरात तर हनुका (यहुद्यांचा दिव्यांचा सण), नाताळ आणि रमजान मिळून डिसेंबरात एकच जत्रा भरते, आणि नाझरेथमध्ये मिरवणूक निघते ती अरब ख्रिस्ती लोकांची. इथले बहुतेक ख्रिस्ती अरबच. एकूण पावणेदोन-दोन लाख, म्हणजे शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही शंभरात एक होतो, तरी 25 ची सुट्टी सगळ्या देशाला. त्या बाबतीत आपलं घर मोठ्या मनाचं, हे मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगते, आणि सांगताना मनात कॅरोल म्हणणाऱ्या पोरांना अडवल्याच्या बातम्या असतात. इथेही सगळं गोड नाहीच, जेरुसलेमच्या जुन्या शहरात पाद्र्यांवर थुंकणारे आहेत. पण फॉरवर्डवाल्यांना नेमका तोच इस्रायल हवाय का, हे मला त्यांना एकदा विचारायचंय.

2024 ला गंमत झाली. हनुकाची पहिली मेणबत्ती नेमकी 25 डिसेंबरच्या संध्याकाळी. त्या वर्षी युद्धामुळे बेथलेहेममध्ये सलग दुसऱ्यांदा रोषणाई नव्हती, मलाही काही करावंसं वाटत नव्हतं. आजीच म्हणाली, करंज्या कर गो, नाताळ तुझा, खाईन मी. पण तुपाचं मोहन घालायचं नाही, कारण मग ती दुधाची होते आणि जेवणात मटण असलं की आजीला चालत नाही, म्हणून तेलाचं मोहन. सारण ओल्या नारळाचं हवं होतं, मिळालं सुकं खोबरं. कडा माझ्या नीट दुमडल्या जात नाहीत म्हणून चार बोलणी खाल्ली, ती नगरला आईकडूनही खायचे. तळताना म्हणाली, हनुका म्हणजे तेलाचाच सण, त्यामुळे हे माझंच झालं. मी म्हटलं घ्या.

संध्याकाळी तिने मेणबत्ती लावली, मी आमच्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं एक भजन गुणगुणले, तिने ऐकलं, चाल ओळखीची वाटते म्हणाली. खिडकीत आजीची सब्जाची कुंडी असते, शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपताना तिचा वास घेतात. त्या कुंडीशेजारी मेणबत्त्या आणि करंज्यांचं ताट ठेवून फोटो काढला आणि काहीही न लिहिता ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत फॉरवर्डवाल्याचाच रिप्लाय, हात जोडलेले तीन इमोजी, आणि खाली, वा, तिकडेपण तुळशीपूजन!