डिझायरच्या टायरबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि काल तुमच्या गाडीची फाईल काढून बसलो. तुम्ही एक स्टार दिलाय. लिहिलंय की जुलैत आमच्याकडून २०१८ ची मारुती डिझायर घेतली, दोन महिन्यांत टायर, क्लच धरून ३८ हजार वरून घालावे लागले, अकरा आठवडे झाले तरी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर नाही, किलोमीटर मागं फिरवलेले असणार, आणि मुळात हॅचबॅक, म्हणजे शेपटी नसलेली छोटी गाडी, बघायला आलेल्या माणसाच्या गळ्यात सेडान मारली.

आधी टायरचं बोलतो, कारण तिथं चूक सरळ माझी आहे.

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. तुमच्या गाडीच्या टायरवर २४१८ होतं, म्हणजे २०१८ सालचा चोविसावा आठवडा. गाडीबरोबर कंपनीतून आलेलेच टायर, सात वर्षांचे. ग्रिप भरपूर शिल्लक होती. तुमच्या बाबांनी खाली वाकून खाचेत बोट घालून बघितलं आणि "टायर चांगले हायत की" म्हणाले. मी मान हलवली. पण कडेला, रिमच्या वर, रबराला बारीक भेगा पडलेल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच आमच्या पोरानं टायर पॉलिश मारलं होतं, म्हणून तुम्हाला त्या दिसल्या नाहीत. मला माहीत होत्या. तुम्ही रोज औशाहून लातूरला येता, तोही हायवेनं, हेही तुम्ही सांगितलं होतं. तरी मी बोललो नाही. चार टायरचं तुम्ही टाकलेलं १७,२०० चं बिल मी भरून देतो. यात काही उपकार नाहीत, ते पैसे गाडीच्या किमतीतूनच कमी व्हायला पाहिजे होते.

याच्याहून मोठी चूक तुमच्या रिव्ह्यूत नाहीच, ती मीच सांगतो. तुम्ही बार्शी रोडला आमच्या दुकानात आलात तेव्हा पहिलं वाक्य बोललात, "आमच्याकडं पाच लाख आहेत, सगळे मिळून." सगळे मिळून. आणि मी सौदा बसवला ४ लाख ७५ ला. वरचे पंचवीस विम्यात, आरटीओच्या कामात आणि पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये गेले. हातात शून्य. सात वर्षांच्या गाडीला कितीही चांगली असली तरी पहिल्या वर्षी काही ना काही मागायचंच असतं. बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, एसीचा गॅस. पहिली गाडी घेणाऱ्याला हे माहीत नसतं. मला वीस वर्षं माहीत आहे. त्याच दिवशी मागच्या रांगेत २०१६ ची होंडाची पेट्रोल अमेझ उभी होती, तीही सेडानच, ३ लाख ८५ ला. डिक्की ४०० लिटरची, इंजिन ठणठणीत. तुमच्यासाठी तीच बरी होती. ती घेतली असती तर वरचे पंचवीस आणि नवे टायर धरूनही सत्तर हजारांच्या आसपास हातात राहिले असते. मी ती तुम्हाला दाखवली नाही, कारण डिझायर विचारून गिऱ्हाईक येतंच आणि तिच्यात मला जास्त सुटत होते.

आरसीचा उशीरही माझाच. गाडी पिंपरी-चिंचवडची, एमएच १४. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ जाईपर्यंत तो उतरत नाही, आणि तोवर मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या होऊनही काम पुढं सरकत नाही. शिवाय गाडी दुसऱ्या आरटीओची, म्हणून तिकडची एनओसी वेगळी. हे सगळं मी गाडी विकायला उभी करायच्या आधी करून घ्यायला पाहिजे होतं. मी तुमच्याकडून पूर्ण पैसे घेतले आणि मग कागदाच्या मागं लागलो. तुम्ही फोन करायचात, मी "होतंय ताई, आठ दिवसांत" म्हणायचो. अकरा आठवडे तुम्ही दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत होता, विमाही त्याच्याच नावावर. मधे कुठं गाडी ठोकली असती आणि कंपनीनं नुकसानीचा क्लेम नाकारला असता, तर तुम्हाला बोलायला जागा नव्हती. ही गोष्ट माझ्या खरंच जिवाला लागली आहे. बोजा उतरलाय, पुण्याकडची एनओसी सोमवारी हातात आली, अर्ज लातूरला भरलाय. उशिराचा दंड मी भरलाय, त्याची पावती तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. विमा नावावर करताना हप्ता वाढला तो मात्र नियमानं वाढला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो आधीच्या मालकाबरोबर गेला.

किलोमीटरचं मात्र मी मान्य करणार नाही. मार्चमध्ये कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसिंग झालं तेव्हा ६४,३०० होते, तुम्हाला चावी दिली तेव्हा ६६,९००. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी नोंद फाईलमध्ये आहे. माझ्या कागदावर विश्वास ठेवू नका. कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला जाऊन गाडीचा नंबर सांगा आणि स्वतः विचारा. क्लचचे पैसेही मी देणार नाही, हे तोंडावर सांगितलेलं बरं. आमच्याकडून गाडी गेली तेव्हा क्लच नीट होता. गाडी शिकताना पाय क्लचवर राहतो, सगळ्यांचाच राहतो, आणि प्लेट जळते. आता सिग्नलला न्यूट्रल करायची सवय लावून घ्या, नवी प्लेट पुष्कळ वर्षं जाईल.

आता सेडान गळ्यात मारली, याबद्दल. तुम्ही स्विफ्ट बघायला आला होता, गल्ली अरुंद आहे म्हणून. डिझायर स्विफ्टपेक्षा किती लांब असेल वाटतं? स्विफ्ट ३,८४० आणि डिझायर ३,९९५ मिलिमीटर. वीतभरही फरक नाही. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी, म्हणून २०१२ मध्ये कंपनीनं डिझायरची शेपटी कापून ती चार मीटरच्या आत आणली. पण डिक्की स्विफ्टची २६८ लिटर, डिझायरची ३७८. तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मागं पाय मोकळे पाहिजेत, वॉकर न्यावा लागतो, हे तुम्हीच बोलला होता. त्यासाठी मी सेडान म्हणलो आणि आजही तेच म्हणेन. चुकलं ते कुठली सेडान, यात.

डिझेल नको म्हणलो तेही बरोबरच होतं. मारुतीनं डिझेल एप्रिल २०२० मध्ये बंद केलं, म्हणजे बाजारातली प्रत्येक डिझेल डिझायर पाच वर्षांच्या वरची. आणि डिझेल घेणारा माणूस गाडी पळवायलाच घेतो. तुम्हाला आवडलेली पांढरी डिझेल गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली होती. तिच्या इंजेक्टरचं किंवा टर्बोचं काम निघालं असतं, तर ॲव्हरेजमध्ये वाचवलेलं सगळं एका बिलात गेलं असतं.

भावाचं म्हणाल तर, २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भावही पडले. जुलैत ते मलाही माहीत नव्हतं.

आमच्याकडं टायर पॉलिश बंद केलंय. प्रत्येक गाडीच्या काचेवर आता टायरची तारीख आणि बोजा उतरलाय की नाही, ते लिहिलेलं असतं. बजेट पाच सांगितलं की साडेचारच्या वरची गाडी आम्ही दाखवत नाही. तुम्ही रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणणार नाही. राहू द्या. पुढचा माणूस वाचून येईल आणि टायरवरचे आकडे आधी बघेल.

शनिवारी दुपारी बाबांना घेऊन या, मी दुकानातच आहे. तोपर्यंत एक काम करा. डिक्कीतला गालिचा उचलून स्टेपनीवरचे चार आकडे बघा. तुमच्या बिलात चारच टायर आहेत, म्हणजे स्टेपनी अजून सात वर्षांपूर्वीचीच असणार. ती लावून हायवेला जाऊ नका. शनिवारी तीही बदलून देतो.