पाइपलाइन आहे, पण गॅस आहे का?

विषय निघाला सागरच्या फ्लॅटवरून. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला टू बीएचके बघून आला होता, राहायला नाही, भाड्याने द्यायला. माहितीपत्रकात ‘पाइप गॅस’ लिहिलंय म्हणून बिल्डर स्क्वेअर फुटामागे जास्त मागतोय आणि हा द्यायला तयार. गंगापूर रोडच्या आमच्या कट्ट्याला रविवारी सकाळी भांडायला एवढं पुरतं.

"गॅस बघून कोण भाड्याने घर घेतं?" विलास सुरूच झाला. "भाडेकरू बघतो अंबड-सातपूरचे कारखाने किती लांब, पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची. बास."

योगेश गॅसच्या पाइपचीच कामं घेतो. "आधी गॅस कुठवर आलाय ते विचार," तो म्हणाला. "काही बिल्डर डक्टमधून लोखंडी जीआय पाइप वर नेतात, किचनमध्ये तोंड काढतात आणि त्याला प्लग मारून मोकळे होतात. गेटबाहेर रस्त्यात मेन लाइनच नसेल तर तो पाइप शोभेचा. सॅम्पल फ्लॅट बघू नको. लोक राहायला आलेल्या विंगमध्ये जा, किचनला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीतला मीटर बघ. काळे आकडे घनमीटरचे, लाल दशांशाचे. काळ्यांत नुसती शून्यं दिसली की काय ते समज."

"आणि गॅस चालू असला तर?" सागर.

"तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता, तेवढी साधारण १७-१८ घनमीटर पाइप गॅसमध्ये. दराला १७ ने गुण आणि सिलिंडरच्या भावाशेजारी मांड."

"मांडलं. स्वस्त पडलं. पण वाचले कुणाचे?" विलास उसळला. "भाडेकरूचे! हा जास्तीचे पैसे मोजणार आणि वाचणार दुसऱ्याचे. तेवढ्यावर भाडं वाढवून मिळतं का?"

हा मुद्दा मला पटला. योगेशलाही पटला असावा, कारण तो लगेच दुसरीकडे वळला. कनेक्शन बहुधा मालकाच्या नावावर असतं. भाडेकरू बिल थकवून गेला तर नोटीस सागरच्या नावाने येणार. म्हणून भाडेकरारात वीज आणि गॅस दोन्ही बिलं स्वतंत्र लिहायची आणि शेवटचं रीडिंग घेतल्याशिवाय डिपॉझिट परत करायचं नाही. शिवाय ड्राय बाल्कनीला स्लायडिंग ठोकून खोली करायची हौस नको. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हलका, वर जातो. त्याला वरून बाहेर पडायला जाळी लागतेच.

एवढा वेळ गप्प बसलेले काका महावितरणमधून निवृत्त झालेले. म्हणाले, "तुम्ही शेगडीतच अडकलात. मेंटेनन्स कोण भरतो? बहुतेक ठिकाणी मालक. त्यात लिफ्ट आली, पाण्याचे पंप आले, जिन्यातले दिवे आले. फ्लॅट चार महिने रिकामा पडला तरी ते थांबत नाही. सोसायटीच्या कॉमन मीटरचं वर्षभराचं बिल माग."

मग ते बिल कमी करायला सोलर. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॅटपर्यंत. "पण गच्ची कुणाची ते बघ," काका म्हणाले. "कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, झालं नसेल आणि गच्चीचे हक्क बिल्डरने स्वतःकडे ठेवले असतील, तर पॅनल काय हवेत लावणार?"

सागरने तिथूनच एजंटला फोन लावला. स्पीकरवर. "सर, पाइपलाइन आहे ना!"

"मीटर फिरतोय का?"

"सर, लवकरच."

विलासला तर आता चेवच आला. "म्हणून सांगतो, मखमलाबादला प्लॉट घे. ना गॅस, ना लिफ्ट, ना मेंटेनन्स."

"एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का रे तो?" काकांनी विचारलं.

"होतोय."

"म्हणजे तुझंही ‘लवकरच’," योगेश म्हणाला, आणि तिथून पुढे एनएवर जुंपली.