रोज चालतो, मग खुर्चीचा व्यायाम कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

पायांची ताकद टिकवायला खुर्चीवरून उठबस करा आणि प्रथिनं पुरेशी घ्या, या माझ्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या बहात्तर वर्षांच्या माणसाला खुर्चीवरून उठबस करायची गरज नाही. गुडघ्यांची झीज असताना ती केली तर झीज वाढेल. आणि प्रथिनं वरण-भातातून मिळतातच.

चालणं अजिबात सोडू नका. पण सपाट रस्त्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही, त्यामुळे कमोडवरून उठायला किंवा एसटीची उंच पायरी चढायला लागणारी ताकद नुसत्या चालण्याने टिकत नाही. घरीच तपासा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. ७० ते ७४ वयात पुरुषांचा आकडा १२ च्या खाली, स्त्रियांचा १० च्या खाली आला, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले आहेत.

आता गुडघे. मी तालमीतल्या बैठका सांगितलेल्या नाहीत. गुडघा जितका खोल वाकतो तितका वाटीमागे दाब वाढतो, म्हणून तर खुर्ची. झिजलेल्या गुडघ्याला मांडीचा मजबूत स्नायू आधारच देतो, आणि दुखतं म्हणून पाय वापरायचं टाळलं की तोच स्नायू आधी आटतो. खरा घोटाळा पद्धतीत होतो. बहुतेक जण पावलं पुढे ठेवून उठायला जातात. मग वजन मागे राहतं, झटका द्यावा लागतो आणि गुडघा ठणकतो. खुर्ची बिनचाकांची, भिंतीला टेकवलेली हवी. बैठक साधारण ४५ सेंमी उंच. त्रास होत असेल तर वर घट्ट उशी ठेवून ती आणखी उंच करा. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत कमरेतून पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. बसताना धपकन बसू नका, तीन-चार सेकंद घ्या. निम्मा व्यायाम त्या उतरण्यात आहे. गुडघे आत वळत असतील तर पावलांत थोडं अंतर वाढवा.

८ ते १० वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असे दोन फेरे, एक दिवसाआड. आधी हातांचा आधार, मग एकाच हाताचा, मग बिनआधार. दुखण्याला शून्य ते दहा गुण दिले, तर तीनपर्यंतचं दुखणं दुसऱ्या दिवशी ओसरत असेल तर चालू ठेवा. सूज आली, गुडघा अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला तर थांबून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. साठ किलो वजनाला या वयात दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम लागतात. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ती सुमारे ७ ग्रॅम, आणि पातळ वरणाच्या वाटीत डाळ त्याहूनही कमी असते. पोळी-भाताची धरूनही भरपाई होत नाही. पेलाभर दूध, अंडं किंवा ५० ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे, उसळ हे रोज हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नका.

रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असंही तुम्ही लिहिलंय. ते आधी डॉक्टरांना सांगा, आणि तोवर ही उठबस घरात कोणी जवळ असतानाच करा.