सुबक नको, पोरांच्या हातचं हवं

डिसेंबर उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक निरोप हमखास पडतो. 'उद्या प्रत्येक विद्यार्थ्याने ख्रिसमस ट्रीसाठी हाताने बनवलेली एक कागदी वस्तू आणावी. काम स्वच्छ व सुबक असावे.' निरोप येतो रात्री आठला. साडेआठला स्टेशनरीच्या दुकानात आयांची झुंबड. दहाला पोरगं गाढ झोपेत आणि आई यूट्यूब बघत ग्लू गनने बोटं भाजून घेतेय. सकाळी वर्गात ओळीने सुबक वस्तू टांगल्या जातात, फोटो निघतो, ग्रुपवर येतो आणि आपण सगळे खाली टाळ्यांचे इमोजी टाकतो. म्हणजे आयांनी आयांचं कौतुक केलं. पोरांचा यात संबंध काय?

माझं म्हणणं साधं आहे. सहा वर्षांच्या पोराचा वाकडा तारा झाडावर पुढच्या बाजूला टांगायची तयारी असेल, तरच हे उद्योग करा. नाहीतर बाजारात सगळं मिळतं, सरळ विकत आणा, कोणी काही म्हणणार नाही.

गंमत म्हणजे अशा सजावटीतला एक प्रसिद्ध तारा मुळात वर्गातच जन्मला. जर्मनीत नीस्की नावाचं गाव आहे. तिथल्या मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १८३०च्या सुमारास भूमिती शिकवताना कागदाचा एक तारा करायला लावत. मधल्या घनाकृतीच्या बाजूंवर चौकोनी बुडाची १७ टोकं आणि त्रिकोणी बुडाची ८. उरलेली एक चौकोनी बाजू उघडी, तिथून दिवा आत. घनाकृती फळ्यावर काढून कळत नाहीत, हे त्या मास्तरांना पक्कं ठाऊक असणार. पुढे जर्मनीतल्याच हर्नहुट गावी या ताऱ्यांचा कारखानाच निघाला, पण सुरुवात झाली ती पोरांच्या हातातल्या कागदापासून. त्याच काळात, १८३७मध्ये, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने आपली बालशाळा काढली. डी.एड. केलेल्यांना हे नाव पाठ असेल. कागदाच्या घड्या घालणं हा त्याच्या शिक्षणाचा भागच होता, खेळ म्हणून दिलेला. चार पट्ट्या एकमेकींत अडकवून करतात त्या ताऱ्याला आजही त्याचंच नाव आहे.

पण मुलांबरोबर बसायचं तर माझी पसंती डेन्मार्कच्या विणलेल्या कागदी हृदयाला. परीकथावाले हान्स अँडरसन कात्रीत भारी पटाईत होते. अशा हृदयांपैकी माहीत असलेलं सगळ्यात जुनं त्यांनीच १८६०मध्ये केलेलं आहे आणि ते डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात जपून ठेवलंय. घोटीव कागदाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एक लाल, एक पांढरी. दोन्ही मधोमध दुमडायच्या, सुटं टोक गोल कापायचं आणि घडीच्या बाजूने काप द्यायचे. कापाची लांबी पट्टीच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर शेवटची ओळ विणताना कागद फाटतो आणि रडारड होते. खरी मजा विणण्यात आहे. चटईसारखं वरून-खालून जायचं नाही. कापांमुळे झालेली अरुंद दुपदरी लाल पट्टी तशाच पांढरीच्या पोटातून, म्हणजे दोन पदरांमधून, जाते, मग पुढच्या पांढरीला आपल्या पोटात घेते. मोठी माणसं इथे हमखास अडकतात, कारण ती डोक्याने करायला जातात. पोरं दोन-तीनदा चुकतात आणि मग बोटांनाच कळतं. झालं की ती छोटी पिशवी उघडते. आत चार खाऊचे तुकडे मावतात. पिशवी उघडली की पोरांचे चेहरे बघा, मग ग्लू गन कपाटात जाईल.

आमच्या वसईत कागदी नाताळ म्हणजे मुख्यतः तारा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच तो. तेच बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ. सारख्या लांबीच्या पाच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा. पाचही टोकं एकमेकांना बांधायची आणि मधे आखूड काड्या अडकवून पोट फुगवायचं. शेजारची पोरगी सांगाडा हातात धरून विचारते, "मावशी, याचं एकच टोक लंगडं का?" मी म्हणते, "कामट्या एकमेकींशेजारी ठेवून बघ." ती बघते, एक बोटभर आखूड निघते. गप्प बसून सगळं सोडते आणि पुन्हा बांधते. मी मधे हात घातला असता तर तारा सरळ झाला असता, आणि तिला लांबीचं काही कळलं नसतं.

खळ घरीच शिजवा, मैदा आणि पाणी, बस. कसर लागू नये म्हणून जुने लोक त्यात मोरचूद घालत. पोरांसाठी करताना ते विष अजिबात नको, बोटं चाटल्याशिवाय कुठलं पोर राहतं? सजावट पावसाळ्यात कसर खाईल तर खाऊ दे, पुढच्या वर्षी नवी करू.

आणि ती चमकी! तिच्यावर माझा जुना राग आहे. तारा जातो, चमकी घरात राहते, गादीवर, भातात, मांजराच्या अंगावर. बहुतेक चमकी प्लॅस्टिकचीच असते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे मात्र कार्यानुभवाच्या यादीत ती अजून पहिल्या क्रमांकावर.

बाईंना आणि सरांना एकच विनंती. ही वस्तू घरून मागवू नका. एक तास वर्गातच द्या, कागद आणि बोथट कात्र्या द्या, आणि जे होईल ते तसंच टांगा. त्या फोटोवर मी पहिला इमोजी टाकीन.