बाण कॉमेंटवर उभा

प्रोग्रॅम कधी कॉमेंटवर, म्हणजे कोडमधल्या न चालणाऱ्या, फक्त माणसांसाठीच्या टिपणावर, थांबतो का? माझा थांबला. मे महिना, दुपारची वेळ, बाहेर नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या घरात, ऑफिसचा एसी नावापुरता, अन् स्क्रीनवर जीडीबीचा, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून चूक शोधायला लावतो त्या डिबगरचा, चालू ओळ दाखवणारा बाण ‘हे नंतर नीट करू’ या कॉमेंटवर एकदम ठाम उभा. नेक्स्ट मारलं तर एका रिकाम्या ओळीवर गेला, तिथून मिटणाऱ्या कंसावर, अन् तिथून थेट भलत्याच फंक्शनच्या मधोमध. बाजूचा ज्युनियर पोरगा खुर्ची सरकवत आला, म्हणे, "भाऊ, हा काऊन असा करून राहिला?"

मी म्हटलं, "ऑप्टिमायझेशन असेल." काही समजलं नाही की आम्ही सिनियर लोक हेच म्हणतो.

तसं ते अगदीच हवेतलं नव्हतं. ओ-टू, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करायचा पर्याय, लावून कंपाईल केलं की कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा) ओळी पुढेमागे करतो, छोटी फंक्शनं मोठ्यात जिरवतो, व्हेरिएबलची किंमत विचारली तर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणून मोकळा होतो. पण तेव्हा बाण कितीही नाचला तरी कोडवरच नाचतो ना, कॉमेंटवर नाही. तरी ऑप्टिमायझेशन बंद करणारं ओ-झिरो लावलं, सगळं क्लीन करून परत बिल्डला टाकलं, खाली जाऊन तर्री पोहे खाल्ले, घाम पुसत वर येऊन पाहतो तर बाण तिथेच.

लोकांना वाटतं डिबगर कोड वाचतो. काही वाचत नाही बाप्पा! बायनरीत, म्हणजे कंपाईल होऊन बनलेल्या फाईलीत, एक लाईन टेबल असतं, त्यात एवढंच की अमुक अॅड्रेसवरची इन्स्ट्रक्शन म्हणजे अमुक फाईलची 214 नंबरची ओळ. डिबगर ती फाईल डिस्कवरून उघडतो, 214 मोजतो अन् बाण ठेवतो, तिथं आता काय लिहिलंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. पत्ता विचारला की ‘पानठेल्यापासून तिसरं घर’ सांगणारे काका असतात ना, मधे दोन नवीन घरं उभी झाली तरी त्यांचं तिसरं ते तिसरंच, तसं आहे हे.

बरं, जीडीबी 1986 पासूनचा आहे, सोर्स फाईल बायनरीपेक्षा नवीन दिसली तर एका ओळीची वॉर्निंग देतो बिचारा. मला ती पण नाही दिली. व्हिज्युअल स्टुडिओवाले या बाबतीत कडक, फाईलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळला नाही तर ब्रेकपॉइंटच (थांबायची खूण) लागू देत नाही. लाईन टेबल कसं लिहायचं ते ठरवणाऱ्या 2017 च्या ड्वार्फ 5 मधे पण सोर्सचा एमडीफाईव्ह, म्हणजे तसाच एक चेकसम, ठेवायची सोय केली आहे, पण सोय असणं वेगळं अन् ती कुणी वापरणं वेगळं.

शेवटी पोरगाच म्हणाला, "भाऊ, फाईलमधे काहीतरी अचरट लिहून पाहू, पाहू कंपायलर बोंबलते का." त्याने कॉमेंटच्या खाली चक्क ‘तर्री’ लिहिलं. कंपायलर बोंबलला. म्हणजे फाईल हीच, कंपाईल पण हीच होऊन राहिली. मग चालून कोण राहिलं?

हा प्रश्न आधी विचारायचा असतो, पण आधी कुणीच विचारत नाही. जीडीबीत इन्फो शेअर्डलायब्ररी मारलं, म्हणजे कोणती लायब्ररी कुठून आली ते विचारलं, तर आमची लायब्ररी (हा कोड ज्या बायनरीत बनतो ती) बिल्डच्या फोल्डरमधून लोडच होत नव्हती, ऑप्ट नावाच्या फोल्डरमधल्या कुठल्या तरी कोपऱ्यातून येत होती. दोन्हींचे बिल्ड आयडी (बायनरीची ओळख सांगणारे नंबर) काढले, चाळीस अक्षरं जुळवायची तयारी ठेवली होती, पहिलंच अक्षर वेगळं.

मग रन करायची स्क्रिप्ट उघडली. रोज चालवतो, वाचत कुणी नाही. त्यात एक ओळ होती, दरवेळी ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरमधून लायब्ररी उचलून ऑप्टमधे कॉपी करायची, अन् पुढची ओळ लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारा एलडी लायब्ररी पाथ तिकडे वळवायची. कॉपी केली की फाईलवर तारीख पडते आत्ताची, आत माल कितीही जुना असो. जीडीबीने तारीख पाहिली, लायब्ररी सोर्सपेक्षा नवीन दिसली, गप्प बसला. अन् ती जुनी लायब्ररी याच मशीनवर याच फोल्डरमधून बनलेली, म्हणून फाईलचा पत्ता पण तोच, उघडली ती मात्र आजची फाईल. एवढा बंदोबस्त मुद्दाम करायला बसलो असतो तर जमला नसता!

ती ओळ ज्याने टाकली तो आता पुण्यात. सगळेच असतात. फोन लावला.

"अरे, ती कॉपीची लाईन काऊन टाकली होती?"

"काढू नकोस हं ती," तो म्हणाला, हल्ली हं पण म्हणतो, "नव्या लायब्ररीत एक क्रॅश होता, म्हणून जुनी चिकटवली होती."

"कुठं होता क्रॅश?"

"ते नाही आठवत."

पोरग्याने तोवर ओळ काढून प्रोग्रॅम चालवला होता. "भाऊ," तो म्हणाला, "सेगमेंटेशन फॉल्ट येऊन क्रॅश झाला. पण या बार बाण एकदम बराबर लायनीवर हाये."