मंत्री डॉक्टर असला तरी कळवा पालिकेचंच
'डॉक्टरच आरोग्यमंत्री झाला की ठाण्यातली रुग्णालयं सुधारतील' हे लेखातलं वाक्य वाचलं. इतकं सरळ नाही हो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. भरती, औषधखरेदी, यंत्रांची दुरुस्ती, सगळं पालिकेच्या अर्थसंकल्पातून. ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचं. सरकारी मेडिकल कॉलेजं तिसरीकडेच, वैद्यकीय शिक्षण खात्यात. त्यामुळे कळव्याबाबत आरोग्यमंत्री फार तर निधी मिळवून देईल आणि आयुक्तांना पत्रं लिहील.

शिवाय खुर्ची टिकायला हवी. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. दीपक सावंतांची विधान परिषदेची मुदत जुलै २०१८ मध्ये संपली. राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार कुठल्याच सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस सलग सहा महिनेच मंत्री राहू शकतो, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राजीनामा. वैद्यकीय पदवीचा तिथे काडीचा उपयोग नाही.

आणि सरकारी नोकरीतल्या ज्या डॉक्टरांना आमदारकी खुणावतेय त्यांनी अर्ज भरण्याआधी राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश हातात घ्यावा. नुसता राजीनामा देऊन ठेवला आणि मंजुरी आली नाही, तर छाननीत लाभाच्या पदाचा, म्हणजे अजून सरकारी पगाराच्या पदावर असल्याचा, आक्षेप येतो आणि अर्ज तिथेच बाद होऊ शकतो.